खाकी जरा लांब

पोरगी न्हाय! डिझेलचा वास आला की अजून बी माझ्या छातीत हेच वरडतं. सोलापूरच्या स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीत पिशवी ठिवायला हात सोडला, वळले तर लेक गायब. चौकीतले पोलीस धावले, शिट्ट्या मारत तिच्या नावानं वरडाय लागले, आन मी रडत नुसती पळत हुते. गुन्हे आन माणसाचं मन शिकणारी एक कॉलेजची पोरगी त्या चौकीत काम शिकाय आली हुती. तिनं माझा दंड धरला. "ताई, लेक कशाला घाबरते?" मी म्हनलं, "पोलिसाला की! जेवली न्हाय की घरात समदे म्हनत्यात, पोलीस धरून न्हेईल." ती हवालदाराला म्हनली, "साहेब, ती लपली असेल. खाकी जरा लांब न्या की." "आता तू शिकिव आमाला," म्हनत तो गेला खरा. मग ती फरशीवर मांडी घालून बसली, मला बी बसवलं. "घास भरवताना मारता तशी हाक मारा." मी म्हनलं, "ये गं चिऊ, हा घास काऊचा..." तवा बाकड्याखाली पोत्यामागनं दोन डोळे दिसले. आता लेक शाळंत जाती, पर त्या पोरीला अजून हात जोडावं वाटतं. खरं सांगा बायांनो, पोटची पोर हरवलीय आन कुणी म्हनतंय पोलिसालाच लांब पाठवा, तुमी काय केलं असतं?