माशांसाठी गिरीजचं पाणी

सातारच्या स्टँडवरून गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा माझ्या मांडीवर काचेची बरणी होती आणि तिच्यात सहा किलीफिश. आई खिडकीखाली उभी. "लोक लोणचं नेतात, पापड नेतात. तू हे काय घेऊन चाललीस?" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. ते मासे मीच तिथे वाढवले होते. नर निळे, अंगभर लाल ठिपके. माद्या साध्या, मातकट. यजमान बँकेत. त्यांची मुंबईला बदली झाली, आम्ही वसईला फ्लॅट घेतला आणि माझी नोकरी सुटली. नव्या गावात कुणी ओळखत नसताना मला काही येतं, हे सांगणारी एवढी बरणीच माझ्याजवळ होती.

पंधरा दिवसांत त्यातले चार मेले. बिल्डिंगला कधी टँकरचं पाणी यायचं, कधी बोअरिंगचं. बोअरिंगचं इतकं मचूळ, की साबणाला फेस येत नसे. या माशांना मृदू, गोडं पाणी लागतं. उरली एक जोडी. यजमान समजुतीनं म्हणाले, "अगं, गप्पी आण. ते कशातही जगतात."

"गप्पी आणायला मी इथवर नाही आले," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

बिल्डिंगखाली जवळच्या गिरीज गावच्या फिलोमिनाबाय भाजी विकायला यायच्या. त्यांच्या वाडीत विहीर आहे असं कळल्यावर मी पाणी मागितलं. त्या खो खो हसल्या. "माशांना? आमच्या विहिरीत बेडूक फुकट राहतात. ये, ने हवं तेवढं. पण नेशील कशी?"

रिक्षा रोजची परवडणारी नव्हती. म्हणून चौतिसाव्या वर्षी मी सायकल शिकले. रविवारी कंपाउंडमध्ये यजमान मागून कॅरिअर धरायचे आणि गॅलऱ्यांतून बायका बघायच्या. दोन्ही गुडघे फुटले. साताऱ्यात असते तर लाजेनंच सोडून दिलं असतं. इथे मला कोण ओळखत होतं! पंजाबी ड्रेस घातला, कॅरिअरला कॅन बांधला आणि केळीच्या वाड्यांमधून गिरीजला जाऊ लागले.

पाणी बदलल्यावर जोडी तरतरीत झाली. ही जात अंडी पाण्यातल्या झाडपाल्याला चिकटवते. त्यासाठी मी आईनं विणलेला हिरवा स्वेटर उसवला. वसईच्या हवेत त्याचं काही काम नव्हतं. लोकरीचा झुबका करून बुचाला बांधला आणि माशांच्या काचेच्या टाकीत सोडला. त्यात मोहरीहून बारीक अंडी मिळाली. पहिल्या खेपेची बुरशीनं पांढरी पडली. दुसऱ्या खेपेची पिल्लं निघाली आणि उपाशी मेली. कोंबडीच्या अंड्याचा पिवळा बलक देऊन पाहिला, तर पाणीच नासलं. मादी आता थकली होती. ती गेली की सगळंच संपणार होतं.

मी वाडीत जाऊन फिलोमिनाबायना म्हटलं, "तुमच्या वाडीतल्या तळ्यातलं हिरवं पाणी द्या. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पिल्लांना ते खायला लागतील." त्या तळ्याला तिकडे बावखल म्हणतात. त्यांनी साडी खोचली, स्वतः उतरून कॅन भरून दिला आणि विचारलं, "पन जगतील ना गं?"

"जगवणार," मी म्हटलं.

पुढच्या खेपेची तेरा पिल्लं जगली. दोन-तीन महिन्यांनी एकाच्या शेपटीवर निळसर छटा आली. मी फिलोमिनाबायना हाताला धरून वर आणलं. भाजीची पाटी तशीच खाली राहिली. त्या टाकीसमोर वाकून बघत राहिल्या आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या. मला त्यातलं निम्मंच कळलं. आज सगळं कळलं असतं.

पुढे गॅलरीत टाक्या वाढल्या. विरारपर्यंतचे दुकानदार मासे न्यायला लागले. ओल्या काथ्याच्या भुशात घालून अंडी मी परगावीही पाठवू लागले. बिल्डिंगमध्ये मी 'मासेवाल्या मॅडम' झाले. कॉलेजात इतकी वर्षं काढून मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

मग एक दिवस यजमानांना साताऱ्याला बदली मिळायची संधी आली. आल्यापासून आम्ही हीच वाट बघत होतो. ते पेढे घेऊनच आले. रात्री जेवताना मी म्हटलं, "नका घेऊ ही बदली." त्यांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं. तुला कसं सांगायचं, कळेना."

आईला फोनवर मीच सांगितलं. साताऱ्याच्या मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हाला वाटलं असेल की मी निगरगट्ट झाले. तसं नाही. नंबर लावून दोनदा मी फोन खाली ठेवला होता. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हे तुझं माहेर, एवढंच आता."

"एवढंच कसं, आई? माहेर आहेच. पण घर मी इथे केलंय."

"बरं," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "घरी कधी बोलावतेस मला?"