रेघा पुसलेली तेरा अंडी

आत्याशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं.

एकच शब्द बोलले होते, आमच्याकडचा "हो". "हाव."

आज तिला जाऊन वर्ष झालं. तो शब्द बोलले ते बरं केलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा.

आत्या हिमायतनगरला राहायची. अंगणवाडीत मदतनीस होती. रिटायर झाली आणि फुल टाइम कोंबड्यांची झाली.

त्यातली लाली खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की आत्याचा स्वतःचाच आवाज बारीक व्हायचा. आम्हालाही दम. "हळू बोला, खुडूक बसलीय."

मागच्या वर्षी तिनं लालीखाली तेरा अंडी ठेवली आणि अकराव्या दिवशी स्वतःच नांदेडला दवाखान्यात ॲडमिट झाली. मी रजा टाकून उशाशी जाऊन बसले, तर मलाच हाकललं.

"दादा हाय ना इथं." दादा म्हणजे तिचा मुलगा. "दोघं मिळून माझ्या तोंडाकडं बघून काय करून राहिले? तिकडं खुडूक एकटी हाय. तू जा."

"आत्या, मला कोंबड्यांतलं काही कळत नाही गं."

"कळायचं काय त्यात? दाणापाणी ठेव. बाकी इच्चारशील तवा सांगते."

मी विचारलंच नाही.

मी लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर ग्लोव्ह्ज, स्लाइड, स्पिरिटचा बोळा. लाली दाणे खायला उठली तेव्हा टोपल्यात डोकावले, तर प्रत्येक अंड्यावर काळा डाग. शी, किती घाण! ओल्या फडक्यानं तेराच्या तेरा अंडी पुसून लख्ख केली. फार बरं वाटलं मला.

दोन दिवसांनी संध्याकाळी आत्याचा फोन. "आगं, एक सांगायचं राह्यलं. दुसऱ्या कोंबड्या पण तिच्याच टोपल्यात अंडी घालतात. माझ्या अंड्यांवर कोळशाची रेघ हाय. बिनरेघेचं दिसलं की उचलायचं."

मी टोपल्यापुढे उभी होते.

सगळीच बिनरेघेची होती.

आणि तोवर तेराची सोळा झाली होती. आता यातली आत्याची कुठली आणि उपरी तीन कुठली? रंगावरून बघितलं. हातात धरून वजन बघितलं. वासही घेतला, हसू नका. एक अंडं काढून ओट्यावर ठेवलं, मग वाटलं यात पिल्लू असलं तर? पळत जाऊन परत ठेवलं. लालीनं हाताला टोचलं ते वेगळंच. त्यानंतर दुसऱ्या कोंबड्यांना टोपल्याकडे फिरकूच दिलं नाही.

अठराव्या दिवशी आत्याचा व्हिडिओ कॉल. नाकात ऑक्सिजनची नळी.

"दाखव बरं माझी अंडी."

मी फोन टोपल्यावरून भर्रकन फिरवला.

"रेघा हायत ना?"

त्या नळीकडे बघून म्हणाले, "हाव."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "बरं. मला नीट दिसंना. तू म्हणतीस तर असतील." आणि फोन दादाकडे दिला.

विसाव्या दिवशी ती गेली.

एकविसाव्या दिवशी सकाळी ओसरीत बायका रडत होत्या आणि मागच्या अंगणातून चिवचिव ऐकू यायला लागली. मी मधल्या दारात उभी. पुढे जाऊ की मागे, खरंच सुचेना. नऊ पिल्लं निघाली होती. आत्या नव्हती आणि तिची पिल्लं होती, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाली नऊ पिल्लं घेऊन टोपल्यातून बाहेर पडली. मागे सात अंडी राहिली. तिनं वळूनही बघितलं नाही.

त्या सातात नंतर घातलेली तीन होती. त्यांचे दिवस भरायचे होते, आणि माझ्यामुळे ती आता गार होऊन मरणार होती. मी सातही अंडी ओढणीत घेऊन अंगणात बसले. तेवढंच सुचलं.

तेवढ्यात शेजारच्या कौसरचाची आल्या. काखेत त्यांची ठिपक्यांची कोंबडी.

"आण बेटा ती अंडी. माझी पण खुडूक हाय. हिच्याखाली घालू."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आत्यानं. दवाखान्यातून फोन केली होती. म्हणली, पोरीनं रेघा पुसून टाकल्या, व्हिडिओत सगळी अंडी चकचक दिसली. तिला काय बोलू नको. लाली उठली की तुझी खुडूक घेऊन जा."

"रागावली होती का हो?"

"रागावती कशाला? हसून हसून खोकला आला तिला."

तोपर्यंत मी रडले नव्हते. मग मात्र चाचींच्या कोंबडीला मिठी मारून रडले. कोंबडी बिचारी गप्प राहिली.

बारा-तेरा दिवसांनी तिच्याखाली दोन पिल्लं निघाली.

मला वाटत होतं मी आत्याला फसवलं. मग कळलं की तिला सगळं दिसलं होतं. म्हणजे "नीट दिसंना" हे खोटं. मग फसलं कोण? आणि मला बरं वाटायला हवं की लाज? वर्षभर हेच घोळतंय. कधी तिच्यासारखं हसू येतं, कधी रडू.

त्या दोनांतली एक आता स्वतःच खुडूक झालीय. परवा हिमायतनगरला जाऊन तिच्याखाली तेरा अंडी ठेवली. आधी प्रत्येकावर कोळसा ओढला. दोन्ही बाजूंनी. कोपरापर्यंत हात काळे झाले, आणि पुसावेसे वाटले नाहीत.

जय भीम, आत्या.

रेघा हायत. या वेळी खरंच हायत.