आत्याने सही केली नाही

माझी आत्या लहान मुलांच्या तीनचाकी सायकली बनवणाऱ्या कारखान्यात एकवीस वर्षं पेडलं बसवायची. कारखाना बंद पडला आणि काही वर्षांनी जुन्या तीनचाकी जमवणारे हौशी लोक तिला शोधत घरी येऊ लागले. सायकल कोणत्या काळातली, हे ती अचूक सांगायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर टाकायची, सायकल उलटी ठेवायची आणि चष्मा कपाळावर सरकवून नाक जवळजवळ चाकाला लावायची. "वरून सगळ्याच नटलेल्या असतात," ती म्हणायची. "पोटाखाली बघावं."

या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. मंडळाच्या प्रदर्शनात मधोमध त्यांची स्वतःची लाल तीनचाकी मांडायची होती, सत्तर वर्षांपूर्वीची म्हणून. तशा दाखल्यावर जाणकार म्हणून आत्याची सही घ्यायला ते स्वतः सायकल घेऊन आले.

आत्याने बराच वेळ पाहिलं. "सांगाडा जुना आहे, सत्तर वर्षांचा असेलही. पण पुढचं चाक धरणारा हा चिमटा त्याच्या तीसेक वर्षांनंतरचा. हँडलवरचा मुलामा पिवळट आहे, तो निकेलचा. चिमट्यावरचा निळसर, क्रोमचा. आमच्याकडे क्रोम आलं ते माझ्यासमोर. कुणीतरी दोन सायकलींची एक केलीय."

अध्यक्ष हसले. "बाई, माझ्याकडे छापील कॅटलॉग आहे. तुम्ही तर नुसती पेडलं बसवत होतात."

"हो. पण डोळे मिटून नव्हते बसवत."

दाखला कोराच परत गेला. बाबा तिच्यावर चिडले. "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? एक सही करायची आणि मोकळं व्हायचं."

"मासा त्यांचा असेल," आत्या म्हणाली, "पाणी माझं आहे."

सही दुसऱ्याच कुणीतरी केली. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आत्याने तिकीट काढलं, मला सोबत नेलं आणि लाल तीनचाकीशेजारी खुर्ची ओढून बसली. स्वतःहून ती चकार शब्द बोलली नाही. पण अशी ठाण मांडून बसलेली बाई दिसली की लोक विचारतातच. विचारलं की ती सांगायची. दुपारपर्यंत सात-आठ माणसं गुडघे टेकून सायकलीच्या पोटाखाली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्ष तरातरा आले. "तुम्ही बाहेर जा."

"तिकीट काढलंय."

"लोकांचा गैरसमज होतोय."

"होता. तो दूर करतेय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मी गेलो नाही, याची लाज मला अजून वाटते. तिसऱ्या दिवशी मात्र गेलो, तर पाटीवरचं साल गायब होतं. नुसतं 'लाल तीनचाकी' एवढंच उरलं होतं. आत्याने ते दोनदा वाचलं. "यात काही खोटं नाही," म्हणाली आणि बाकीच्या सायकली बघायला उठली.

मंडळाने तिचं नाव जाणकारांच्या यादीतून काढलं, ते आजतागायत परत घातलेलं नाही. तिनेही विनवण्या केल्या नाहीत. मंडळातलेच लोक आता एकेकटे येतात, सायकल कापडात गुंडाळून, कुणी पाहू नये म्हणून मागच्या गल्लीतून. आत्या खिडकीतूनच सांगते, "पुढच्या दाराने या. आणि ते कापड तिथेच काढा, रस्त्यावर."

बहुतेक जण काढतात.