सुपे ते वरकुटे: एका गळक्या चाकाची यात्रा

बारामतीमार्गे इंदापूर तालुक्यात मोटारीने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनो, प्रस्थानापूर्वी नारळ अवश्य फोडावा, परंतु जमिनीवर. हा सिद्धान्त मी नव्वदीच्या दशकात स्वानुभवाने प्रस्थापित केला आहे.

प्रयोजन गंभीर होते. माझा मेहुणा दत्ता याच्यासाठी वरकुट्याची मुलगी पाहावयाची होती. दत्ता सद्गुणी, परंतु मुलगी समोर येताच त्याला मौनव्रत लागे. यापूर्वी दोन स्थळे "मुलगा मुका हाय का?" असे पुसून निवृत्त झाली होती. तिसरे गेले असते, तर आमच्या सौभाग्यवतींनी दोष मलाच दिला असता, कारण प्रवक्तेपदी माझी नियुक्ती होती.

सुप्याहून निघताना दत्ताने आमच्या नव्याने घेतलेल्या जुन्या मोटारीचे पूजन केले आणि भक्तीच्या आवेशात नारळ थेट पुढच्या चाकाच्या रिमवर हाणला. नारळ अभंग राहिला. रिमचा काठ दबला आणि हवा भरायची नळी वाकली.

"शकुन चांगला हाय, दाजी," तो म्हणाला.

बारामतीत चहा-भजीचा समाचार घेऊन (भजी अवश्य खावीत, चहाविषयी मौन बरे) बाहेर आलो, तो मोटार एका अंगाला विनयाने झुकलेली! स्टेपनी घरी विश्रांती घेत होती. तिच्या जागी पेढ्यांच्या करंड्या मीच ठेवविल्या होत्या. पंक्चरवाला जेवायला गेलेला. अखेर पायाने मारायचा पंप खरेदी केला आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून इंदापूर रस्त्याने सरपटू लागलो. मधूनमधून दत्ता उतरून पंप मारी. मी आसनस्थ राहून निरीक्षण करी.

"दाजी, तुमी बी चार मारा की!"

"प्रवक्त्याने श्वास राखून ठेवायचा असतो."

वरकुट्यात मुलीचे वडील तात्या, डाळिंबाचे बागायतदार, यांनी ओसरीवर स्वागत केले. त्यांची मुलगी सुनंदा पोहे घेऊन आली.

"काय इचारायचं ते इचारा, पाव्हणं," तात्या म्हणाले.

दत्ताने पोह्यांचे चिंतन आरंभिले. मी त्याच्या गुणसंपदेवर व्याख्यान सुरू केले. तात्यांनी जांभई दिली.

इतक्यात सुनंदा म्हणाली, "तात्या, गाडी बसली की!"

दत्ता बाणासारखा अंगणात सुटला. मागोमाग ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

"कशानं झालं?"

"मीच नारळ हाणला."

"चाकावर?"

"व्हय. फुटला न्हाय."

"मग कुठंय?"

"डिकीत. म्हनलं, तुमच्या हितं फोडू."

ती खळखळून हसली. आणि काय आश्चर्य, दत्ता बोलतच राहिला! "मी पंप मारतोय, आन् दाजी आत बसून हवा मोजत्यात!"

तात्या उठले. "थांबा, फटफटीवर जाऊन पंक्चरवाल्याला आणतो."

मी त्यांचे उपरणे धरले. "तात्या, त्वरा नको. गळती अत्यंत योग्य गतीने चालू आहे."

त्यांनी अंगणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे पुन्हा बैठक मारली. "पोहे घ्या आनखी," म्हणाले.

होकार मिळाल्यानंतरच पंक्चरवाला आणविण्यात आला. त्याने हातोड्याने काठ सरळ केला, नवी ट्यूब घातली. परतीच्या वाटेवर दत्ता अखंड बोलत होता: सुनंदा काय म्हणाली, त्यावर तो काय म्हणाला, त्यावर ती कशी हसली. बारामती मागे पडल्यावर मी आशेने चाकाकडे कान लावला. हवा टिकून होती.

सुप्यात दारातच सौभाग्यवतींनी विचारले, "बोलला का?"

मी तोंड उघडण्यापूर्वी दत्ता पुढे सरसावला. त्याचे ते उत्तर, इतक्या वर्षांनंतरही, अद्याप पूर्ण व्हायचे आहे.