उडव्या जाळणारा जनरल

सीवूड्सच्या एका निवृत्त साहेबांनी मला घरी बोलावलं. त्यांचे आजोबा गोऱ्या सरकारच्या पलटणीत सुभेदार, वायव्य सरहद्दीवर एका इंग्रज जनरलच्या हाताखाली लढलेले. त्या जनरलचं जुनं इंग्रजी चरित्र साहेबांना मराठीत छापायचं होतं, आत आजोबांचा फोटो घालून. "कव्हरवर अनुवादक म्हणून तुझं नाव," ते म्हणाले.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. बाबांनी त्याच संध्याकाळी आमच्या पावणे गावातल्या सगळ्या भावकीला सांगून टाकलं, पोराचं नाव पुस्तकावर येनार हाय.

काम सुरू केलं आणि त्या जनरलची किळस येऊ लागली. जन्मभर या गृहस्थाने डोंगरातल्या गावांवर स्वाऱ्या केल्या. समोर मेंढपाळ आणि शेतकरी, याच्याकडे तोफा. स्वारी कधी काढायची, एवढीच काय ती त्याची विद्या. पीक उभं असताना निघायचं नाही, ते ओलं असतं. कापून, वाळवून, रचून झालं की निघायचं आणि काडी लावायची. मोहीम संपली की पदक, मग बढती, म्हातारपणी 'सर'. लेखकाने हे लपवलेलंही नाही, कौतुकाने सांगितलंय. याला तो सरहद्दीच्या युद्धाचा दांडगा अनुभव म्हणतो. लोकांच्या तोंडचा घास जाळायला कसला आलाय अनुभव?

आमच्या शेतांवर आता कारखाने आहेत. पण कापलेल्या भाताचे भारे रचले की त्या ढिगाला आम्ही उडवी म्हणतो, आणि उडवीजवळ कोणी विडीसुद्धा पेटवत नसे. बाबा आणि चुलते बांधावरून कोर्टात गेले, एकमेकांच्या मयताला गेले नसते. पण चुलत्यांच्या उडवीजवळ कोणी विडी काढली, तर पहिली कानाखाली बाबांचीच.

मी जसं होतं तसं मराठीत लिहिलं. साहेबांनी त्या जाळपोळीचं प्रकरण वाचून चष्मा काढला.

"हे गाळ."

"सर, मूळ पुस्तकात आहे."

"असू दे. आजोबा होते तिथे. लोक काय म्हणतील? अरे, युद्धात हे चालतंच. तुला सैन्यातलं काय कळतं?"

"सैन्यातलं नाही कळत. भातातलं कळतं."

"मग तुझं नाव नाही येणार."

"नकोच. काढा."

पुस्तक निघालं. ते प्रकरण नाही, माझं नावही नाही. जनरल मात्र कव्हरवर, छातीभर पदकं लावून. बाबांनी पुस्तक उलटंपालटं केलं.

"तुजा नाव कुठं हाय रं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कव्हरवरच्या जनरलवर बोट ठेवलं.

"रचलेल्या उडव्या? आन वर बिल्ले लावून फोटू काडला?"

"हो."

"मंग बरा झाला. याच्या खाली आपला नाव कशाला?" म्हणत त्यांनी पुस्तक पालथं ठेवलं. "भावकीला मी सांगतो. तू जेव."