चौथं कडवं

सिनेमा बघायला सगळ्यांनी मिळून जायचं, ही कल्पना आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये आमच्या समाजाची मोजून सोळा कुटुंबं आहेत. त्या कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं, "कंट्री सिंगरचं लाइफ आहे. खाणकामगाराचा मुलगा, झिरोतून वर आला. मुलांना स्ट्रगल कळला पाहिजे." त्या वेळी माझे वडील सहा महिन्यांसाठी इथे आले होते. इंग्रजी येत नसलं तरी गाण्याचा सिनेमा म्हटल्यावर अण्णा निघाले.

सिनेमा दोन तासांपेक्षा थोडा मोठा होता आणि गरिबी पहिल्या वीस मिनिटांत आटोपली. एक खोली, खोकणारा बाप, फाटके बूट, उधार गिटार. पुढे नायक आणि त्याचा एक मित्र दारूच्या गुत्त्यात मिळून गायला लागतात. गाणी मित्र रचतो. मग शहरातून एक सूटवाला येतो आणि त्याला एकटा नायक हवा असतो. बसस्टॉपवर दोघं मिठी मारतात, बस सुटते, मित्र मागे लहान लहान होत जातो. त्यानंतर मोठी स्टेजं, व्यसन, घटस्फोट, आईसाठी घेतलेलं घर. शेवटी सगळं थिएटर टाळ्या वाजवतं.

मध्येच अण्णांनी माझ्या लेकीला विचारलं, "तो दुसरा पुन्हा येतो का गं?"

"नो, आजोबा. ही'ज डन."

"मंजे?"

"म्हणजे त्याचं काम संपलं," मी म्हणालो.

अण्णांनी नंतरही दोनदा विचारलं. नायकाला बक्षीस मिळालं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून त्या गर्दीत कोणाला तरी शोधत होते.

बाहेर अध्यक्षांचे डोळे लाल झाले होते. "आपल्या माणसांवरही असे सिनेमे झाले पाहिजेत. आपल्याकडे काय कमी कलाकार झाले?" असं म्हणून त्यांनी आमच्याकडच्या एका गायकाचं नाव घेतलं. मराठवाड्यात भीमगीतं ऐकत वाढलेल्या कुणालाही ते नाव ठाऊक असतं. अण्णा गाडीत जाऊन बसले.

त्या गायकाच्या पार्टीत अण्णा बारा वर्षं होते. खंजिरी वाजवायचे, कोरस धरायचे, आणि गाणी रचायचे. गायकाचा आवाज पहाडी होता, ते मी नाकारत नाही. पण त्याला दोन ओळी जुळवता येत नव्हत्या. जयंतीच्या दिवसांत पार्टी गावोगाव फिरायची. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफलेलं असतं. तीच त्याची सही. कागदावर काही नसतंच. अण्णांच्या एका गाण्याला चार कडवी होती आणि चौथ्यात त्यांचं नाव होतं. लोक ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे.

मग कॅसेट कंपनीवाले आले. कॅसेटवर गायकाचा फोटो, मोठ्या अक्षरात त्याचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'आणि पार्टी'. माझ्या लहानपणी मी शेजाऱ्यांना ती कॅसेट दाखवून सांगायचो की हे 'आणि पार्टी' म्हणजे आमचे अण्णा. आमच्या वस्तीत ती भोंग्यावर वाजली तेव्हा सगळे अण्णांकडे बघत होते. चौथं कडवं आलं. अण्णांच्या नावाच्या जागी गायकाचं नाव होतं. दोन्ही नावं तीन अक्षरांची, मात्राही सारख्या. कुठे अडखळल्याचंसुद्धा कळलं नाही.

अण्णा जाब विचारायला तालुक्याला गेले, मला सोबत घेऊन. गायकाने चहा मागवला.

"आरं, कंपनीवाले म्हनले, ज्याचा फोटो त्याचंच नाव पायजे. मी काय करू? आन मात्रा तर बसल्या ना बराबर?"

"बसल्या," अण्णा म्हणाले.

"मग झालं तर."

अण्णा पुन्हा त्या पार्टीत गेले नाहीत. बाजार समितीत हमाली करून त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यानंतर गाणं रचलं नाही, असं ते सांगतात. मला वाटतं रचलं असेल, पण म्हटलं नाही.

सिनेमानंतर काही आठवड्यांनी जयंती होती. कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता आणि संस्थेतली पाच-सहा जणं एकांच्या बेसमेंटमध्ये गाण्यांचा सराव करत होती. यादीत अण्णांचं ते गाणं होतं. मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा फक्त "हां" म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्यांच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. बायको मला म्हणाली, "अहो, अण्णांनी पांढरा सदरा इस्त्रीला काढून ठेवलाय. आणि मला विचारत होते, चारही कडवी म्हणतात का इथं?"

मी अध्यक्षांना भेटलो. जे घडलं ते सांगितलं आणि एवढंच मागितलं: चौथ्या कडव्यात मूळ नाव घ्या. एकदाच. अण्णा समोर बसलेले असतील.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुरावा काय?"

"मी ऐकलंय. वस्तीतल्या लोकांनी ऐकलंय."

"दादा, तुम्ही ऑडिटवाले. तुम्हीच सांगा, तोंडी चालतं का? यूट्यूबवर बघा, सगळीकडे त्यांचंच नाव आहे. आपण बदललं आणि कुणी व्हिडिओ टाकला तर उद्या इंडियातून फोन येतील. संस्थेला वादात कशाला ओढता?"

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. एका हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात बसून वर्षानुवर्षं मी लोकांना हेच विचारत आलोय. पण तो बसस्टॉपवरचा मित्र पडद्यावर मागे राहिला तेव्हा याच माणसाने रुमाल काढला होता. त्या मित्राकडे कुणी पुरावा मागितला नव्हता.

"काहीतरी मार्ग काढतो," अध्यक्ष म्हणाले. "अण्णा आपले पाहुणे आहेत."

जयंतीच्या दिवशी अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं. गाणं सुरू झालं. अण्णा आधी मांडीवर बोटांनी ठेका देत होते, दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी खाली बसूनच कोरस धरला. आवाज थकलेला, पण सूर सुटला नाही. बाजूची मुलं वळून बघायला लागली. तिसरं कडवं संपलं, धृपद झालं, अण्णांनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला, आणि ढोलकी थांबली. टाळ्या. निवेदिकेने लगेच लहान मुलांच्या भाषणांची घोषणा केली.

जेवणाच्या रांगेत अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा, काढला की नाही मार्ग? कुणाचंच नाव नाही. म्हणजे अन्याय पण नाही."

मी हातातली प्लेट परत ठेवली. त्यापलीकडे मी काही केलं नाही. तिथे सगळ्यांची मुलं होती आणि दिवस जयंतीचा होता.

परतताना गाडीत अण्णांनी विचारलं, "चौथं इसरले का?"

"वेळ कमी होता, अण्णा."

रस्त्याच्या कडेला उरलेला बर्फ काळा पडला होता.

"वेळ नव्हता तर दुसरं गाळायचं," ते म्हणाले. "दुसरं कमजोर हाय."

मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "आजोबा, व्हाय डिडन्ट यू टेल देम?"

त्याचं मराठी मी त्यांना करून सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. जूनमध्ये ते परत गेले.

त्यानंतरच्या जयंतीलाही ते गाणं झालं, तीनच कडव्यांचं. नव्याने आलेली मुलंमुली आता कोरसमध्ये असतात, त्यांना ते तेवढंच आहे असं शिकवलं गेलंय. यंदा पडद्यावर गाण्यांचे शब्द दाखवले. या गाण्याखाली लिहिलं होतं, 'गीत: पारंपरिक'. माझ्या शेजारी बसलेल्या, नुकत्याच नागपूरहून आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "काका, पारंपरिक म्हणजे किती जुनं असेल हो हे?"

मी तिला सांगितलं की ज्याने लिहिलं तो जिवंत आहे. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.