झाडाचं झाडाला

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या खिडकीतून. ऐन थंडी होती. शाळेमागच्या पीचच्या बागेत औषधालाही पान नव्हतं, आणि ही बाई शिडीवर चढून एकेका फांदीवरून काहीतरी वेचत होती. हंगाम संपून चार महिने झाले होते. मी बघतेय हे पाहून पहिल्या बाकावरच्या मुलीनं खुलासा केला, "बाई, त्या झाडांच्या उवा काढतात." वर्ग हसला. खुलासा करणारी तिचीच मुलगी होती, हे मला पुढे पालकसभेत कळलं.

त्या सभेत ती शेवटच्या बाकावर बसली आणि बसल्याबसल्या झोपली. मी उठवलं नाही. सगळे गेल्यावर ती दचकून जागी झाली, पदर सावरला आणि म्हणाली, "पोरगी अभ्यास करते ना, एवढंच सांगा. बाकीचं मी झोपेत ऐकलं."

निवृत्तीनंतर मी बागेच्या कुंपणाला लागून घर घेतलं, तेव्हा त्या उवा काय ते समजलं. पीच झाडावर कुजला की कधीकधी गळत नाही. सुकून, सुरकुतून, काळ्या सुपारीसारखा फांदीला चिकटून राहतो. कुजवणारी बुरशी त्यात थंडीभर जिवंत असते आणि फुलं आली की त्यांच्यावर जाते, मग फळांवर. म्हणून हे सुके पीच थंडीतच हातानं काढायचे. दुसरा उपाय नाही.

तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्यातले चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. बाग सासऱ्यांनी लावलेली, पण त्यांचे गुडघे गेले होते. त्यामुळे शिडी सुनेची आणि टोपली सासऱ्यांची अशी वाटणी होती. ती वेचून टोपली भरायची, ते नेऊन रिकामी करायचे. या कामात त्यांनी एक दिवस खाडा केला नाही.

तरीही फळ नासत होतं. गेले दोन हंगाम फुलोऱ्यातच पाऊस झाला होता. तोडताना पीच गालासारखा टवटवीत दिसे आणि पेटीत दोन दिवस राहिला की तपकिरी डाग पडून पसरे. फळं पारखून पेट्या भरणाऱ्या शेडनं दोन्ही वर्षं तिचा माल परत पाठवला. यंदा डाग दिसला तर पुन्हा आणू नका, असं तिथल्या पारख्यानं तोंडावर सांगितलं. माल घेणारी तेवढी एकच शेड होती.

त्या दोन्ही हंगामांत तिनं जिवाचं रान केलं होतं. फळं बोराएवढी असतानाच निम्मी खुडली, एकाला दुसरं टेकायला नको म्हणून. फवारणी पावसाचा अंदाज बघून. तोडताना बोटं लावायची नाहीत, फळ तळहातावर घेऊन हलकेच वळवायचं. लेकीला इतकं जपलं नसशील, असं मी एकदा म्हणाले. लेक निदान स्वतः खाली उतरते, असं ती म्हणाली.

पारख्यानं बजावलं त्या वर्षी, वसंतात फुलं उमलत असताना तिनं मला कुंपणावरून हाक मारली. "बाई, चष्मा लावून या जरा."

झाडाच्या बुंध्याशी, ओल्या मातीतून, शर्टाच्या बटणाएवढ्या तपकिरी वाट्या वर आल्या होत्या, बारीक देठांवर. तिनं एका देठाखाली बोटानं उकरलं. खाली सुका पीच. शेजारी दुसरा. पुढच्या झाडाखालीही तेच. ती तिथेच उकिडवी बसली. फांद्यांवरून वेचलेली बुरशीच वाट्या होऊन मातीतून पुन्हा फुलांकडे निघाली होती.

सासरे खुरपं घेऊन येतच होते. विचारल्यावर त्यांनी खुशीनं सांगितलं. चौदा वर्षं ते प्रत्येक टोपली बुंध्याशी पुरत होते, चार बोटं खोल, कुठल्याही झाडावर अन्याय न करता. "झाडाचं झाडाला. वाया कशाला घालवायचं?"

अख्खा पेपर मन लावून लिहिल्यावर तो भलत्याच इयत्तेचा होता हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. तिचा चेहरा तसा झाला. ओरडायलाही अंगात बळ लागतं.

"मामंजी, उद्यापासून टोपली मी नेते."

"का? मी नीट पुरत नाही?"

"नीट पुरता हो. म्हणून तर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या वाट्यांकडे. खुरपं झाडाला टेकवून ते हळूच तिच्या शेजारी खाली बसले. त्या गुडघ्यांनी ते कसे बसले, कोण जाणे. नंतरचा आठवडा दोघांनी उकरण्यात घालवला.

सगळं निघालं नाही. त्या हंगामात डाग पडलाच आणि शेडनं शब्दाप्रमाणे दार लावलं. चांगली फळंसुद्धा जाम करणाऱ्याकडे गेली. त्याला डागाचं सोयरसुतक नव्हतं, चवीचंही. पुढची दोन वर्षं ती बुंध्याशी गुडघे टेकून माती चाळत राहिली. तिसऱ्या वर्षी शेडनं आधी पाच पेट्या ठेवून बघितल्या, आठवडाभर थांबून मग बाकीच्या मागवल्या. ही बातमी द्यायला ती आली आणि माझ्या खुर्चीत झोपली.

सासरे आता चौऱ्याऐंशींचे आहेत. थंडीत ती भरलेली टोपली त्यांच्या पायाशी ठेवते आणि ते एकेक सुका पीच शेगडीत टाकतात. निदान पाणी तरी तापतं, म्हणतात.

तिचेही गुडघे दुखू लागलेत. झाडांच्या वरच्या फांद्या तिनं छाटून खाली आणल्या आहेत. शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर ती आता चढत नाही.